आहेराचं दार

लोक लेकीला लग्नात भांडी देतात, दुभती गाय देतात, ज्यांना झेपतं ते सोनं देतात. माझ्या बाबांनी मला दार दिलं. अस्सल सागाचं, चौकटीसकट. बैलांच्या दमणीत आडवं निजवून, वर गोधडी घालून त्यांनी ते मांडवापर्यंत आणलं. बायकांना वाटलं, नवरीकडचं कोणी आजारी माणूस असेल. दोघीजणी तर पाण्याचा तांब्या घेऊन धावल्यासुद्धा.

बाबा सुतार होते. आमचं गाव संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. माझी सोयरीक पाहायला ते वरवट बकालला गेले, तेव्हा त्यांनी मुलगा पाहिला, घर पाहिलं आणि घराला दाराऐवजी लावलेली पऱ्हाट्यांची ताटी पाहिली. मुलगा पसंत पडला, ताटी पडली नाही. पण दार यायचं म्हणजे त्याला धरून ठेवणारी भिंत पाहिजे, आणि सासरची भिंत मातीची, हात लावला की ढासळणारी. ह्यांचे काका मांडवातच बोलून गेले, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं." शेवटी दारासाठी समोरची भिंत पाडून पक्की बांधावी लागली. अख्ख्या गावात दाराला शोभेल अशी भिंत बांधणारं आमचं एकच घर असावं.

दारावर नक्षी होती, पण ती आतल्या बाजूनं. वर निंबाची फांदी, फांदीला झोका, आणि झोका रिकामा. बाहेरची बाजू अगदी सपाट. मी बाबांना विचारलं, "नक्षी आतून काऊन?" ते म्हणाले, "बाहेरच्याइले काय दाखवाचं? आत तं तुले राहाचं हाये." झोक्यावर कोणी का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "थ्यावर तू बसजो."

झोक्याचं कारण आमच्याकडच्या कुणाही बाईला सांगावं लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, निंबाला झोके बांधतात, चार दिवस कोणी त्यांना काम सांगत नाही. वर्षात तेवढेच चार दिवस. बाबा दरवर्षी आदल्या दिवशी दमणी जुंपून मला न्यायला येत. मी बाहेरची बारीक कडी कोयंड्यात अडकवायची, कुलूप लावायचं, किल्ली कमरेला खोचायची आणि निघायचं. हे तेव्हा मलकापूरला एका जिनिंग फॅक्टरीत फिटरच्या हाताखाली होते, आठवड्यातून एकदा येत. घरात दुसरं कोणी नव्हतं. दार होतं म्हणून घर सोडता येत होतं, एवढी साधी गोष्ट.

आतली कडी मात्र बाबांनी बोटाएवढ्या जाड लोखंडाची बसवली होती. मी एकटी असायची म्हणून.

तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि जो तो काहीतरी नवं काढायच्या गोष्टी करत होता. विहिरींवरच्या मोटा जाऊन ऑईल इंजिनं यायला लागली होती. इंजिन बिघडलं की ते बैलगाडीत घालून मलकापूरला न्यायचं, आणि तिथे दुरुस्त होईपर्यंत झाडाखाली बसायचं, अशी रीत होती. ह्यांनी ठरवलं, गावातच कारखाना काढायचा. नोकरी सोडून आले. जवळ एक शिकंजा होता, चार पाने होते, एक घण होता, रस्त्याकडेला वडिलोपार्जित दहा हात जागा होती. बाकीचं सगळं गाव देणार होतं.

आणि गावानं दिलंही. मी ह्यात काही वाढवून सांगत नाही. पाटलांचा गोठा आदल्या वर्षी बसला होता, त्याचे वाळवी लागलेले खांब आणि तुळया त्यांनी दिल्या. "घेऊन जाय, तशाबी उदईच खाऊन राह्यली," असं म्हणून दिल्या. कापसाच्या दलालानं जिनिंगच्या छपराचे उतरवलेले पाच पत्रे दिले. हॉटेलवाल्यानं दोन दिले, धुरानं काळे झालेले. वरच्या बाजूला बौद्धवाड्यात राहणाऱ्या मास्तरांनी विहाराच्या बांधकामातून उरलेल्या विटा दिल्या. त्यांनी विटा मोजल्या नाहीत, आणि कशासाठी पाहिजेत हेही विचारलं नाही. ह्यांनी स्वतः मलकापूरहून रेल्वेचे दोन मोडीत निघालेले स्लीपर आणले. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्यात म्हणतात. आम्ही नाही मोजले. पण गाय देणारा रोज दूध प्यायला येणार, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या भागात विकलेली वस्तू घेणाऱ्याची होते, फुकट दिलेली मात्र देणाऱ्याचीच राहते. दलाल रोज सकाळी यायचे आणि आपल्या पाच पत्र्यांखाली बसायचे. हॉटेलवाला दुपारी आपल्या दोनखाली. दोघांच्या पत्र्यांच्या पन्हळी एकमेकांना जुळत नव्हत्या, मधून उन्हाची एक पट्टी खाली यायची आणि ती कोणाच्या चुकीमुळे येते ह्यावर दोघांची रोज जुंपायची. पाटील आले की खांबाला टेकून बसत आणि कोणाशीही बोलताना मधूनमधून खांब थोपटत. त्यांची म्हातारी गायसुद्धा संध्याकाळी रानातून येताना त्याच खांबाला मान घासायला आत शिरायची. तिला कोणी हाकलत नसे. पाटलांआधीचा हक्क तिचा होता.

गुढीपाडव्याला पाटलांच्या हातून नारळ फोडायचं ठरलं. चार दिवस आधी हे घरी आले आणि दारासमोर उभे राहून दाराकडे पाहू लागले. मी भाकरी टाकत होते. मला ते पाहणं आवडलं नाही.

"आठ दिवसाची तं बात हाये," ते म्हणाले. "मंग स्लीपरचं नवं दार करतो घराले."

"अन् तोवर?"

"तोवर पोतं लावू."

"कारखान्याले लावा पोतं."

"पोत्याचा कारखाना कसा दिसन व?"

"अन् पोत्याचं घर?"

"घराकडे कोण पाह्यते?" ते म्हणाले. ते मनापासून म्हणाले, चिडवायला नाही. मी तव्यावरची भाकरी उलटली. दुपारी चौघांनी मिळून चौकट उखडली. मांडवात आणलं होतं तसंच दार निजवून, खांद्यावर घेऊन गेले. गल्लीतल्या एका म्हातारीनं हात जोडले.

बसवताना पाटील हजर होते. नक्षी आत जाताना पाहून त्यांना राहवलं नाही. "एवढं काम आत काऊन कोंबता बे? रस्त्याकडं करा." झालं. चौकट फिरवली. रिकामा झोका रस्त्याकडे आला, येणारे-जाणारे थांबून पाहू लागले, कारखान्याची शान वाढली. फक्त एक झालं. आतली जाड, बिनकोयंड्याची कडी बाहेर आली आणि बाहेरची कुलपाची कडी आत गेली. म्हणजे कारखान्याला कुलूप लावायचं तर ते आतूनच लागत होतं, आणि त्यासाठी एक माणूस आत राहणं भाग होतं. पुन्हा चौकट फिरवली तर पाटलांना काय वाटेल, म्हणून हे रोज जेवून कारखान्यात झोपायला जाऊ लागले. दार कारखान्यात, नवरा कारखान्यात, आणि मी पोत्यामागे.

पाडव्याला मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात यादी लिहिली. कोणी काय दिलं ते. ती चौकटीत घालून भिंतीला लावायची होती. मी प्रसादाचं ताट घेऊन बाहेर बायकांत उभी होते. मास्तरांनी एकेक नाव वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते थांबले आणि ह्यांना म्हणाले, "दाराचं राहिलं. दाराचं काय लिहू?"

"थे घरचंच हाये, मास्तर," हे हसून म्हणाले. "घरच्याचं काय लिहाचं?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी कागदाची घडी केली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं मी लहानपणापासून ऐकत आले होते, त्या दिवशी हलवायाला काय वाटत असेल ते कळलं. मी प्रसाद वाटला. दलालांना थोडा कमी दिला.

आठ दिवसांचे पंधरा झाले. पोत्याला कडी नसते, त्यामुळे माझ्या घरात शेजारीण, शेळी आणि वारा ह्यांना सारखीच मोकळीक होती. शेळीनं टोपल्यातली डाळ खाल्ली. शेजारणीनं काय नेलं ते मी विचारलं नाही. मी रोज डबा घेऊन जायची आणि विचारायची, "दार?" हे म्हणायचे, "आज पाटलाचं इंजिन हाये." दुसऱ्या दिवशी दलालाच्या दमणीचा आख असायचा. मग हॉटेलवाल्याचा स्टोव्ह. ज्यांनी काही दिलं त्यांचं काम आधी, आणि फुकट, कारण त्यांच्याकडून पैसे मागायचे कोणत्या तोंडानं? ज्यांनी काही दिलं नव्हतं ते लोक अजूनही मलकापूरलाच जात होते. एका स्लीपरचं पाटलांच्या गाडीला जू झालं. दुसरा उरला होता. त्याचं बाकडं केलं, कारण देणगीदारांना बसायला काही नव्हतं.

मी ह्यांना एकदा स्पष्ट सांगितलं, "आखाजीले बाबा येतीन. दार नाई तं कुलूप नाई. कुलूप नाई तं मी जाऊ कशी?"

"येवढ्या सालाले नको जाऊ," ते म्हणाले आणि इंजिनात डोकं घातलं.

मी त्या दिवशी घरी येऊन रडले. झोक्यासाठी रडायचं माझं वय राहिलं नव्हतं, तरी रडले.

आखाजीच्या आदल्या दिवशी बाबा आले. दमणी गल्लीत उभी केली, बैल सोडले नाहीत, दोन लुगड्यांचं गाठोडं घेऊन मी तयार असणार हे त्यांना ठाऊक होतं. मी तयार होतेही. ते येऊन पोत्यासमोर उभे राहिले. त्यांनी पोतं बाजूला केलं नाही. मीच केलं. भिंतीत चौकट उखडल्याची भोकं अजून तशीच होती, त्यात त्यांनी बोट घालून पाहिलं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं. म्हटलं, आता आला दाराचा वाली.

"दार कुठं हाये व?"

"कारखान्यात."

त्यांनी पाणी प्यायलं आणि निघाले.  मी उंबऱ्याची जागा झाडून ठेवली, भोकांतली माती काढली. ते चौकट खांद्यावर घेऊन येतील, मागून हे मान खाली घालून येतील, असं मी धरून चालले होते. बराच वेळ झाला. कोणी आलं नाही. शेवटी गाठोडं घेऊन मीच गेले.

वैशाखातली झळ रस्त्यावरून सरळ आत शिरते, म्हणून कारखान्याचं दार लोटलेलं होतं. रिकाम्या झोक्यासमोर मी उभी राहिले. आत सगळे होते. विटांच्या भिंतीत आणि पत्र्यात चार बोटं फट होती, तिच्यातून शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"असं काम मलकापुरातबी पाह्यलं नाई," दलाल म्हणत होते.

"आमच्या गावाची इज्जत वाढली सासरेबुवा," पाटील म्हणाले. "रस्त्यानं जाणारा साहेब जीप थांबवून पाह्यते."

कपबशांचा आवाज आला. मग ह्यांचा आवाज, बराच गोड. "बाबा, यादीत तुमचं नाव लिवून टाकतो. दार, म्हणून."

 बाबा आता काय ते सांगतील.

बाबांनी बशीतला चहा ओढला. "लिवा मंग," ते म्हणाले. "एवढं म्हणता तं राहू द्या इथंच. मानसं पाह्यतात तं बरं वाटते. पोरीले मी दुसरं देईन कधी."

मला पाटलांचा राग आला होता, ह्यांचा रोज येत होता. पण बाबांचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. माझं दार एकानं नेलं आणि दुसऱ्यानं दान केलं, आणि तिसऱ्यानं त्याबद्दल चहा पाजला. मला कोणी विचारलं नाही, आणि मी बाहेर उभी आहे हेही कोणाच्या मनात नव्हतं. समोर ती बोटाएवढी जाड कडी लोंबत होती. बाबांनी माझ्यासाठी बसवलेली. आता बाहेर होती.

मी ती लावली. कडी चौकटीत नीट बसली, आवाजसुद्धा झाला नाही.

मग मनात आलं, घर तर उघडं आहे. पण शेळी आणि शेजारीण सोडली तर गावात माझं काही नेणारे जे कोण होते ते सगळे आत बसले होते, म्हणून मी निर्धास्त निघाले. दमणीकडे वळले तर कारखान्यासमोरच मास्तर भेटले. शाळेच्या सुट्ट्या होत्या, ते यादी चौकटीत घालायला काच घेऊन निघाले होते. आतून तोवर दार ठोठावणं सुरू झालं होतं.

"वहिनी, कारखान्यातून कोणी हाका मारून राह्यलं," ते म्हणाले.

"हाव मास्तर. काम सुरू हाये."

त्यांनी कडीकडे पाहिलं. माझ्या गाठोड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी चष्मा घरीच इसरलो वाटते. घेऊन येतो." चष्मा त्यांच्या नाकावर होता. ते सावकाश मागे वळले आणि काच सांभाळत घरी गेले.

बैलांना वाट पाठ होती. बाईमाणूस एकटी दमणी हाकत चालली म्हणून संग्रामपुरात लोक पाहत होते. मी पाहू दिलं.

बाबा संध्याकाळी आले, पायी, धोतर धुळीनं माखलेलं. मी निंबाखाली होते. झोका बांधून झाला होता, पण मी त्यावर बसले नव्हते. ते ओट्यावर बसले. आईनं पाणी दिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, माझ्याकडे न पाहता, कुऱ्हाडीच्या दांड्याबद्दल सांगावं तसं.

दार उघडेना तेव्हा आधी सगळ्यांनी मिळून धक्का दिला. मग पाटील म्हणाले, पत्रा उचकटून वरून जाऊ. दलाल म्हणाले, हॉटेलवाल्याचा उचकटा. हॉटेलवाला म्हणाला, माझे दोनच आहेत, पाचवाल्याचा काढा. मग पाटलांनी विटा काढायला सांगितल्या, तर ह्यांनी अडवलं, कारण विटांवर पाटलांच्याच तुळया होत्या. तासभर आत भांडण चाललं. रस्त्यानं जाणाऱ्यांनी ऐकलं, पण कारखान्यातलं भांडण रोजचंच, म्हणून कोणी थांबलं नाही. शेवटी मास्तर आले. त्यांनी कडीला हात लावण्याआधी बाहेरून विचारलं, "यादीचं काम राहिलं होतं. दाराच्या जागी काय लिहू?"

"मंग?" मी विचारलं.

"मंग कोणी बोलेना." बाबांनी धोतराची धूळ झटकली. "मंग म्या सांगितलं. लिवा, लेकीचं."

आईनं पदर डोळ्यांना लावला. मी नाही लावला, माझा राग अजून गेला नव्हता.

"कडी आतून हालवून पाह्यली म्या," बाबा म्हणाले, आणि आता पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पाटलानं पाह्यली, तुह्या नवऱ्यानं पाह्यली. पाचहीजण लागलो. हालली नाई." त्यांच्या आवाजात अभिमान होता. मग तो गेला. "थे कोणासाठी बसवली होती, थे मीच इसरलो व." ते उठले, निंबाखाली आले आणि झोक्याच्या दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली. मी बसले.

चार दिवसांनी मी वरवट बकालला परतले तेव्हा दार घराला होतं. झोका आत, जाड कडी आत, भोकं बुजवलेली, शेणानं सारवलेलीसुद्धा. सारवण पुरुषाच्या हातचं होतं, बोटं कुठेही कशीही गेलेली. ह्यांनी दाराबद्दल एक शब्द काढला नाही. मीही शेळीच्या डाळीबद्दल काढला नाही. यादी काचेआड लागली होती. सगळ्यात खाली मास्तरांच्या अक्षरात माझं नाव होतं, पुढे लिहिलं होतं, "दार. परत नेलं."

कारखान्याला मग पोतंच राहिलं. पुढे तो बंद होईस्तोवर पोतंच होतं. तिथून कधी एक खिळा चोरीला गेला नाही, कारण प्रत्येक वस्तूचा मालक तिच्याखाली बसलेला असायचा. हे घरी झोपू लागले, आणि ज्यांनी काही दिलं नव्हतं अशी गिऱ्हाइकंही हळूहळू आत येऊ लागली.

पुढच्या आखाजीला बाबांची दमणी आली तेव्हा हे कारखान्यातून उठून घरी आले. त्यांनी स्वतः दार ओढून घेतलं, बाहेरची कडी कोयंड्यात अडकवली, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. मग किल्ली माझ्या हातात दिली.

"अन् तुमी कुठं झोपसान?" मी विचारलं.

"पोत्यामागं," ते म्हणाले.

मी किल्ली कमरेला खोचली आणि दमणीत बसले.